काराव्हाज्जोची ‘मेड्युसा’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इटलीतल्या फ्लॉरेन्सला उफिझी गॅलरी आहे, तिथे काचेच्या पेटीत एक गोल ढाल ठेवलीय आणि त्या ढालीवर एक कापलेलं डोकं रंगवलंय. केसांच्या जागी साप, तोंड वासलेलं, मानेखाली रक्ताच्या धारा. मोबाईलवर हे चित्र सगळ्यांनी कधी ना कधी बघितलेलं असतं, पण बहुतेकांना ते साधं सपाट चित्र वाटतं आणि मग त्यातली अर्धी गंमत निघून जाते. ही ढाल आहे हे एकदा डोक्यात बसलं की बाकीच्या गोष्टी आपोआप कळत जातात, म्हणून खालच्या उत्तरांमध्ये मी पुन्हा पुन्हा ढालीवरच येणारे.

चित्र कुणाचं, कधीचं?

मिकेलांजेलो मेरीसी म्हणजेच काराव्हाज्जो. जन्म 1571, मृत्यू 1610. मेड्युसा साधारण 1597-98 ची, म्हणजे तेव्हा तो पंचविशी ओलांडलेला पोरगाच होता म्हणायचं. लाकडी ढालीवर कापड चिकटवलंय आणि त्यावर ऑइल कलरमध्ये काम केलंय. आकार साधारण 60 बाय 55 सेंटिमीटर. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे एवढंसंच आहे का असं वाटतं, कारण फोटोत ते खूप मोठं भासतं. खरं तर डोकं जवळपास आपल्या डोक्याएवढंच आहे, आणि म्हणूनच समोर उभं राहिल्यावर अंगावर येतं.

मला ग्रीक गोष्टी काही माहीत नाहीत, मेड्युसा कोण ते थोडक्यात सांगाल का?

तीन बहिणी होत्या, त्यांना गॉर्गन म्हणायचे. स्थेनो, युरिअली आणि मेड्युसा. पहिल्या दोघी अमर, मेड्युसा एकटीच मर्त्य. तिच्याकडे जो बघेल त्याचा दगड व्हायचा. सेरिफॉस बेटाच्या पॉलिडेक्टीस राजाचा डोळा पर्सियस नावाच्या तरुणाच्या आईवर, डॅनाईवर होता, आणि हा मुलगा मधे येत होता म्हणून राजाने त्याला मेड्युसाचं डोकं आणायला पिटाळलं, म्हणजे परत यायचाच नाही या हिशोबाने. पण पर्सियसला देवांनी मदत केली. पंख असलेल्या चपला, अदृश्य करणारी टोपी, वाकडं पातं असलेली तलवार आणि चकचकीत ढाल. तो थेट तिच्याकडे न बघता ढालीतलं प्रतिबिंब बघत पुढे गेला आणि ती झोपेत असताना तिची मान उडवली. कापलेल्या मानेतून पेगॅसस हा पंखांचा घोडा बाहेर आला, त्याच्याबरोबर क्रायसॉर नावाचा एक योद्धाही.

डोकं कापल्यावरही तिची ताकद शिल्लक राहिली. पर्सियसने ते डोकं दाखवून पॉलिडेक्टीसचाच दगड केला, आणि शेवटी डोकं अथीना देवीला दिलं, तिने ते आपल्या ढालीवर किंवा चिलखतावर बसवलं. चित्राच्या दृष्टीने गोष्टीतला हा शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा.

ती मुळातच राक्षसीण होती की शापामुळे झाली?

तुम्ही कुणाची गोष्ट वाचता त्यावर आहे. हेसिअड हा जुना ग्रीक कवी. त्याच्याकडे शापबिप काही नाही, मेड्युसा जन्मानेच गॉर्गन आहे आणि समुद्रदेव पोसायडन तिच्याबरोबर वसंतातल्या फुलांच्या कुरणात झोपतो एवढंच येतं. रोमन कवी ओव्हिड पुष्कळ शतकांनी नंतरचा, त्याच्या ‘मेटामॉर्फोसिस’मध्ये गोष्ट पार बदलते. तिथे मेड्युसा सुंदर मुलगी आहे, तिचे केस बघून लोक वेडे व्हायचे, समुद्रदेवाने तिच्यावर अथीना देवीच्या देवळातच बळजबरी केली आणि शिक्षा कुणाला, तर तिला. देवीने तिच्या केसांचे साप केले.

काराव्हाज्जोच्या काळात इटलीतले चित्रकार आणि त्यांचे श्रीमंत आश्रयदाते ओव्हिड कोळून प्यायलेले असायचे, त्यामुळे ही दुसरी गोष्ट त्यांना चांगलीच ठाऊक होती. काराव्हाज्जोच्या मनात नेमकं काय होतं ते त्याने कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण चित्रातल्या चेहऱ्यावर मला तरी क्रूरपणा अजिबात दिसत नाही. भुवया आक्रसल्यात, कपाळावर आठ्या आहेत, डोळे बाहेर येतील इतके ताणलेत. हा चेहरा घाबरवणाऱ्याचा नाही, घाबरलेल्याचा आहे. आपल्याला काय झालंय हे तिला आत्ता या क्षणी कळतंय आणि ते तिला सहन होत नाहीये.

पण मग ढालीवरच का काढलं? कॅनव्हास मिळत नव्हता का?

कॅनव्हास भरपूर होता. ढालीवर काढलं कारण ही भेटवस्तू होती आणि तीही विचार करून दिलेली. रोममध्ये कार्डिनल, म्हणजे चर्चचा बडा धर्मगुरू, फ्रांचेस्को मारिया देल मोंते हा काराव्हाज्जोचा आश्रयदाता, त्याच्याच वाड्यात काराव्हाज्जो राहायचा. हा देल मोंते रोममध्ये फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याचा माणूस होता, म्हणजे त्यांचं काम बघायचा. त्याने ही ढाल टस्कनीचा ग्रँड ड्यूक फर्दिनांदो पहिला, म्हणजे मेदिचीच, याला भेट म्हणून पाठवली.

आता गोष्ट आठवा. मेड्युसाचं डोकं शेवटी कुठे जातं? ढालीवर. म्हणजे देल मोंतेने फर्दिनांदोला नुसतं चित्र नाही दिलं, अथीनाची ढालच दिली, शत्रूने बघितलं तर दगड होईल अशी. फ्लॉरेन्समध्ये पर्सियस आणि मेड्युसा या जोडीचा मेदिचींशी संबंध आधीपासून होता. फर्दिनांदोचा बाप कोसिमो पहिला, त्याने बेन्वेनुतो चेल्लिनीकडून पर्सियसचा ब्राँझचा पुतळा करून घेतला होता, 1545 ते 1554 एवढी वर्षं लागली त्याला, आणि तो शहराच्या मुख्य चौकात उभा केला. अर्थ सरळ होता, आमच्या वाटेला जाल तर असं होईल.

आणि ही ढाल गॅलरीत भिंतीवर टांगायला नव्हती, मेदिचींच्या शस्त्रागारात होती. तिथे पर्शियाच्या शाहकडून आलेलं चिलखत घातलेला एक पुतळा मांडला होता आणि त्याच्या हातात ही ढाल दिली होती. तेव्हाच्या पाहुण्याला कसं दिसलं असेल विचार करा, समोर पूर्ण शस्त्रसज्ज माणूस आणि त्याच्या हातातून हे डोकं किंचाळतंय. आज आपण लाल भिंतीच्या खोलीत दिव्याखाली बघतो, छान दिसतं, पण मूळ इफेक्ट तो होता.

ढाल फुगीर आहे म्हणतात, फोटोत तर आत गेल्यासारखी वाटते?

हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे आणि काराव्हाज्जोची सगळी करामत इथेच आहे.

ढाल खरोखर बाहेर फुगलेली आहे, म्हणजे मधला भाग बघणाऱ्याकडे येतो. अशा पृष्ठभागावर चेहरा साधा काढला तर तो ताणलेला, फुगलेला दिसेल, गाल रुंद आणि कडा पळालेल्या. काराव्हाज्जोने आकार असे बेतलेत की वाकडेपणा जाणवत नाही. वर त्याने मागच्या हिरव्या भागावर डोक्याची आणि सापांची सावली टाकलीय. त्या सावलीमुळे मेंदूला वाटतं की डोकं पुढे आहे आणि पृष्ठभाग त्याच्या मागे लांब, आतल्या बाजूला आहे. म्हणजे जी वस्तू प्रत्यक्षात तुमच्याकडे फुगलीय ती तुम्हाला खोलगट वाटीसारखी दिसते आणि डोकं त्या वाटीच्या पुढे हवेत लटकलेलं.

हे योगायोगाने झालेलं नाही. देल मोंतेचा भाऊ ग्विदोबाल्दो हा त्या काळातला मोठा गणिती, त्याचं पर्स्पेक्टिव्हवरचं, म्हणजे सपाट चित्रात खोली कशी दाखवायची यावरचं, पुस्तक 1600 साली आलं. म्हणजे ज्या घरात काराव्हाज्जो जेवत-खात होता तिथे पर्स्पेक्टिव्ह, सावल्या असल्या विषयांत लोकांना खरा इंटरेस्ट होता. कुणी कुणाला काय शिकवलं ते सोडा, पण हे डोकं ते कोडं समजून सोडवणाऱ्या माणसाने काढलेलं आहे.

चित्रात नेमका कुठला क्षण आहे?

तलवार फिरून गेल्यावरचा लगेचचा. रक्त बघा, ते थेंब थेंब गळत नाहीये, मानेखाली दोऱ्यांसारख्या धारा सुटल्यात, अजून जोर आहे त्यांच्यात. तोंडातून किंकाळी निघतेय, पण खाली शरीरच नाही, फुफ्फुसं नाहीत, म्हणजे आवाज येणं शक्यच नाही. साप मात्र जिवंत आहेत, एकमेकांत गुंतलेत, पोटं चमकतायत, त्यांना अजून कळलेलं नाही काय झालंय. एकाच डोक्यावर दोन वेगवेगळे वेग दिसतात. वर वळवळ चाललीय आणि खाली चेहरा गोठलाय.

पर्सियस कुठेही नाही. हात नाही, तलवार नाही, देवी नाही. बाकीच्या चित्रकारांनी विजयी वीर काढला, याने वीराला पूर्ण काढून टाकलं. मला हा निर्णय या चित्रातला सगळ्यात धाडसी वाटतो.

ती आपल्याकडे बघत का नाही?

नीट बघितलं तर तिची नजर खाली आणि बाजूला गेलीय. समोरून बघताना तुम्ही तिची नजर पकडायला जाता आणि ती सापडत नाही. एक साधं कारण असं देतात की तिने थेट बघितलं असतं तर आपला दगड झाला असता, म्हणून चित्रकाराने आपल्याला वाचवलं. हे ठीक आहे, पण अजून एक आहे. पर्सियसने तिला प्रतिबिंबात बघितलं होतं. ढालीवर दिसणारं हे डोकं कदाचित तेच प्रतिबिंब आहे, चकचकीत ढालीत उमटलेलं, आणि तसं असेल तर आपण पर्सियसच्या जागेवर उभे आहोत, तलवार आपल्याच हातात आहे. किंवा मग ही अथीनाची ढाल आहे आणि काम केव्हाच संपलंय. दोन्ही वाचनं चित्रात बसतात आणि अभ्यासकांमध्ये यावर भरपूर चर्चा आहे. मला पहिलं वाचन जास्त पटतं कारण त्यात बघणारा मोकळा सुटत नाही.

चेहरा बाईचा वाटत नाही. त्याने स्वतःचाच चेहरा काढलाय का?

खूप लोकांना तसं वाटतं आणि अभ्यासकांपैकी बऱ्याच जणांचं तेच मत आहे. लेखी पुरावा नाही. पण त्या काळातला चित्रकार आणि चरित्रकार जोव्हान्नी बाल्योने, जो पुढे काराव्हाज्जोचा कट्टर विरोधक झाला, त्याने लिहून ठेवलंय की हा तरुणपणी आरशात बघून स्वतःची चित्रं काढायचा. काराव्हाज्जो समोर मॉडेल बसवून काढायचा, कल्पनेतून चेहरे रचायचा नाही. आणि तोंड वासून किंचाळणारं मॉडेल तासन् तास कोण बसणार, आरसा त्यापेक्षा सोपा. त्याच सुमारास त्याने सरडा चावलेल्या मुलाचं चित्र काढलं, त्यातही तोच प्रकार आहे, अचानक बसलेला धक्का चेहऱ्यावर कसा दिसतो याचा अभ्यास.

पुढे शेवटच्या वर्षांत त्याने बायबलमधला डेव्हिड आणि त्याने मारलेला महाकाय योद्धा गोलायथ काढला, रोमच्या बोर्गेझे गॅलरीत आहे, त्यात डेव्हिडच्या हातात लटकणारं गोलायथचं डोकं हे काराव्हाज्जोचंच आहे असं जुन्या काळापासून मानलं जातं. म्हणजे करिअरच्या एका टोकाला एक कापलेलं डोकं आणि दुसऱ्या टोकाला दुसरं.

तो खुनी होता ना? मग हे चित्र त्याच्या गुन्ह्याशी जोडलेलं आहे का?

खून केला हे खरं. 28 मे 1606 ला रोममध्ये रानुच्चो तोमास्सोनी नावाच्या माणसाला त्याने मारलं आणि पळाला, मग नेपल्स, माल्टा, सिसिली, शेवटी 1610 मध्ये पोर्तो एर्कोलेला मेला. पण मेड्युसा त्याच्या आठेक वर्षं आधीची आहे. कृपा करून ‘खुन्याने काढलेलं डोकं’ असल्या हेडलाइनवर जाऊ नका, त्याने चित्र समजत नाही, उलट नजरेआड होतं.

लिओनार्दो दा विंचीने पण मेड्युसा काढली होती असं ऐकलंय?

वासारी हा सोळाव्या शतकातला चित्रकार आणि चरित्रकार, त्याने एक झकास गोष्ट सांगितलीय. एका शेतकऱ्याने अंजिराच्या लाकडाची गोल ढाल लिओनार्दोच्या वडिलांकडे दिली, कुणाकडून तरी रंगवून आणा म्हणून. ती लिओनार्दोकडे आली. त्याने खोलीत सरडे, साप, नाकतोडे, वटवाघळं असं काय काय गोळा केलं आणि सगळ्यांचे अवयव जोडून एक भयंकर प्राणी तयार केला, मेलेल्या जनावरांचा वास सुटला तरी याचं लक्ष नाही. वडील ढाल न्यायला आले आणि दचकून मागे सरले. मग त्यांनी शेतकऱ्याला बाजारातली दुसरी ढाल देऊन वाटेला लावलं आणि लिओनार्दोची ढाल गुपचूप 100 डुकॅटना व्यापाऱ्यांना विकली, त्यांनी ती 300 ला मिलानच्या ड्यूकला. शिवाय लिओनार्दोने मेड्युसाचं एक डोकंही काढायला घेतलेलं, ते अपुरं राहिलं पण कोसिमोच्या संग्रहात होतं असंही वासारी लिहितो.

ही दोन्ही चित्रं आज नाहीत. पण देल मोंते आणि फर्दिनांदो दोघांना वासारी माहीत असणारच, त्यामुळे मेड्युसाची ढाल फ्लॉरेन्सला पाठवणं म्हणजे एका तरुण, फारशा नावाजलेल्या नसलेल्या चित्रकाराला थेट लिओनार्दोशी भिडवणं होतं. उफिझीत मेड्युसाचं अजून एक चित्र आहे, ते खूप वर्षं लिओनार्दोचं म्हणून दाखवत होते, ते प्रत्यक्षात साधारण 1600 च्या सुमाराच्या फ्लेमिश चित्रकाराचं आहे. नेटवर ते अजूनही लिओनार्दोच्या नावाने फिरतं.

दोन काराव्हाज्जो मेड्युसा आहेत हे खरं का?

हो, दुसरी एका खासगी संग्रहात आहे, थोडी लहान. तिला ‘मुर्तोला’ म्हणतात कारण गास्पारे मुर्तोला नावाच्या कवीने काराव्हाज्जोच्या मेड्युसावर कविता केली होती. तिच्यावर रंगवलेल्या रक्तात सही आहे आणि तपासणीत खाली बरेच बदल, खोडलेल्या रेषा सापडल्या, म्हणून तीच आधीची आणि उफिझीची नंतरची असं मत मांडलं गेलं. सगळ्यांना मान्य आहे असं नाही.

आपल्या देवळातल्या कीर्तिमुखासारखंच आहे का हे?

कामाच्या बाबतीत बरंचसं. ग्रीक लोक मेड्युसाचा चेहरा देवळांवर, ढालींवर, भांड्यांवर, नाण्यांवर लावायचे, वाईट ते बाहेर राहावं म्हणून. कॉर्फू या ग्रीक बेटावर आर्टेमिस देवीच्या देवळाच्या कपाळपट्टीवर मोठी गॉर्गन होती, इ.स.पू. सहाव्या शतकाच्या सुरुवातीची, डोळे वटारलेली, थेट समोर बघणारी. आपल्याकडे गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर किंवा चौकटीवर कीर्तिमुख असतं, तेही धड नसलेलं तोंडच. पण गोष्टी वेगळ्या आहेत, एकातून दुसरं आलं असं म्हणायला जाऊ नका. आणि फरक पण बघा, कीर्तिमुख आणि जुनी गॉर्गन दोघंही समोर बघतात, काराव्हाज्जोची बघत नाही. राखण करणारा चेहरा त्याने माणसाचा केला.

आजकाल मुली मेड्युसाचा टॅटू करतात, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

चित्राशी थेट नाही, ओव्हिडच्या गोष्टीशी आहे. लैंगिक अत्याचारातून बाहेर पडलेल्या अनेक जणी तो टॅटू करून घेतात, शिक्षा चुकीच्या माणसाला झाली हे सांगायला. लुचानो गार्बाती या शिल्पकाराचा 2008 चा पुतळा तुम्ही बघितला असेल, त्यात मेड्युसाच्याच हातात पर्सियसचं डोकं आहे, 2020 मध्ये तो न्यूयॉर्कला कोर्टासमोर लावला होता. मला विचाराल तर काराव्हाज्जोने चारशे वर्षांपूर्वी तिच्या चेहऱ्यावर भीती ठेवली म्हणून आपण आज तिची बाजू घेऊ शकतो यात त्याचाही थोडा वाटा आहे.

मेड्युसा आकाशातही आहे म्हणे?

आहे, आणि महाराष्ट्रातून सहज दिसते. मराठी तारकानकाशात ज्याला ययाति म्हणतात तो पर्सियस, देवयानी म्हणजे अँड्रोमेडा, महाश्व म्हणजे पेगॅसस. ययातिमधला अल्गॉल हा तारा म्हणजे मेड्युसाचं डोकं. दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी त्याचा प्रकाश नुसत्या डोळ्यांना कळेल इतका कमी होतो आणि काही तासांत परत येतो, कारण तिथे दोन तारे एकमेकांभोवती फिरतायत आणि मंद तारा तेजस्वी ताऱ्याच्या आड येतो. हिवाळ्यात संध्याकाळी गच्चीवरून बघा, शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करत गेलात तर फरक पकडता येतो.

बघायला जायचं असेल तर?

उफिझी सोमवारी बंद असते. तिकीट आधी ऑनलाइन काढा, सीझनमध्ये रांग भयंकर असते. आत गेल्यावर आधी वरच्या मजल्यावर नेतात, बॉतिचेल्ली वगैरे तिथे, आणि काराव्हाज्जो खालच्या मजल्यावर शेवटाकडे येतो, तोपर्यंत पाय आणि डोकं दोन्ही दमलेलं असतं. त्यामुळे वर थोडं हात आखडता घ्या. मेड्युसासमोर आलात की आधी समोरून बघा, मग बाजूला जा, अगदी कडेला. कडेवरून ढालीचा फुगवटा दिसतो आणि परत समोर आलात की तो गायब होतो. फोटो काढणारे ही पायरीच गाळतात. बाकूस आणि इसाकचा बळी ही त्याची अजून दोन चित्रंही उफिझीतच आहेत.

बाहेर पडल्यावर शेजारच्या चौकात लोज्जिया देई लान्झी या उघड्या दालनात चेल्लिनीचा पर्सियस फुकट बघायला मिळतो. तो डोकं उंच धरून उभा आहे आणि समोर संगमरवरी पुतळे आहेत, जणू त्या डोक्याकडे बघूनच दगड झालेले.

काराव्हाज्जो भारतात बघायला मिळेल का?

मेड्युसा नाही. पण 2025 मध्ये त्याचं मेरी मॅग्डालिनचं चित्र दिल्लीच्या किरण नाडर म्युझियममध्ये आणलं होतं. तेव्हा असं काही परत आलं तर दिल्लीचं तिकीट काढायला मागेपुढे बघू नका.

लहान मुलांना दाखवावं का?

गोष्ट सांगून दाखवा. नुसतं दाखवलं तर रक्तच लक्षात राहतं, गोष्ट माहीत असेल तर मुलं साप मोजायला लागतात आणि ती कुणाला घाबरलीय हे स्वतःहून विचारतात.

घरी प्रिंट लावायचीय, कुठली घ्यावी?

डोकं तेवढं कापून काळ्या बॅकग्राउंडवर टाकलेली प्रिंट घेऊ नका, बाजारात त्याच जास्त आहेत. पूर्ण गोल, कडेच्या सोनेरी नक्षीसकट आणि हिरव्या भागावरची सावली स्पष्ट दिसणारी घ्या. सावली गेली की डोकं मागच्या भागाला चिकटतं आणि सगळं चित्र सपाट होतं.